वाटा

साडेपाचला बंदरावर सुरमई सातशे होती,
सहाला साडेसहाशे,
आणि मी अजून पिशवीची घडी उलगडलेली नव्हती.

सकाळीच एस.वाय.च्या वर्गात
फळ्यावर समवृत्ती वक्र काढला होता.
आडव्या अक्षावर बांगडे, उभ्या अक्षावर सुरमई.
(पुस्तकात सफरचंदं आणि संत्री आहेत.
मालवणात रोज सफरचंद कोण खातं?)
या रेषेवर कुठेही उभे राहा, मी म्हटलं,
समाधान तेवढंच.
चार बांगडे सोडा, सुरमईची एक तुकडी घ्या.
अजून सोडा, अजून घ्या.
रेषेला आरंभबिंदूकडे पोट सुटतं, कारण
बांगडे कमी होत गेले
की शेवटचा बांगडा हातातून सुटत नाही.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
‘मॅडम, संकष्टीला?’
वर्ग हसला. मीही हसले, पण उत्तर नव्हतं.
संकष्टीला सुरमई फुकट दिली तरी उंबऱ्याबाहेरच राहते,
आणि मंगळवार असला तर
बाहेरसुद्धा कुणी नाव काढत नाही.

माझी अंदाजपत्रक रेषा मात्र सरळ आहे.
तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे,
गणपतीची सुट्टी वजा, परीक्षांचे दिवस वजा,
आणि मार्चचं बिल अजून सहीसाठी कुठल्यातरी टेबलावर.
पुण्यात कायम जागा मिळत होती. मी इथे आले.
त्याला संधी-खर्च म्हणतात,
दोन गुणांना येतो.

जयवंती कुबल पाटावर वाटे लावत होती,
सहा बांगड्यांचा एक, शेपट्या सगळ्या एकीकडे.
‘काय गो बाय, नुसता बघून पोट भरता काय?’
मी म्हटलं, ठरत नाही.
‘तुझा कधी ठरूचाच नाय.
सुरमय खातलंस त्या दिवशी बांगड्याची आठवण येतली,
बांगडो खातलंस त्या दिवशी सुरमयची.’
पुस्तक म्हणतं, ग्राहक सुसंगत असतो.
अ पेक्षा ब आवडलं, ब पेक्षा क,
तर क पेक्षा अ आवडायला परवानगी नाही.
मी बांगड्यांचा वाटा दाखवला.
आवडीने नव्हे. साडेसहाशेचे सहाशे होईपर्यंत
थांबले असते तर रिक्षा गेली असती,
आणि सुरमई आणली की
वरच्या मजल्यावरच्या सामंतकाकूंना एक तुकडी द्यावी लागते.
हे सगळं दोन अक्षांत बसत नाही.

ती कोयत्यावर डोकी उडवत होती.
सहज विचारलं, तुम्हांला काय आवडतं यातलं?
ती वर बघितली नाही.
‘आमका? उरता ता आवडता.’

पाटाखाली एक टोपली होती, गोणपाट टाकलेली.
पोट फुटलेले पेडवे, नांगी तुटलेला एक कुर्ला,
बर्फ न मिळालेलं असं बरंच काही.
तीस वर्षं रोज संध्याकाळी ही बाई
तीच टोपली उचलून दांडीला घरी जाते.
बाहेरून बघणारा वहीत लिहील,
हिची पसंती पेडव्यांना.
तीस वर्षांची नोंद आहे. पुरावा भक्कम आहे.

तिने माझ्या पिशवीत सहावर सातवा बांगडा टाकला.
त्याचे पैसे धरले नाहीत, मीही विचारलं नाही.

रात्री हाताला वास तसाच, लिंबू लावूनही.
चाचणीचे पेपर काढले. बेचाळीस.
एकोणिसावा दीक्षिता कुबलचा,
अक्षर सुवाच्य, समासाची रेघ पट्टीने आखलेली.
प्रश्न तिसरा : प्रकट पसंतीचा सिद्धांत स्पष्ट करा.
‘ग्राहक जे निवडतो,’ तिने लिहिलं होतं,
‘तेच त्याला सर्वांत जास्त आवडते, असे सिद्ध होते.’
खाली आकृती. नावं दिलेली. बाण बरोबर दिशेला.

चारपैकी चार होतात.
लाल पेन उघडं ठेवून मी किती वेळ बसले माहीत नाही.
कागदाच्या कोपऱ्याला एक खवला चिकटला होता,
माझ्या हाताचा असेल
किंवा तिच्या.